वजन कमी करण्याचं इंजेक्शन: खेड्यातून नागपूरला येऊन रीतसर कसं मिळवायचं आणि गावी कसं सांभाळायचं

काटोल, उमरेड, गोंदिया, गडचिरोलीकडून या इंजेक्शनसाठी नागपूरला येणारी बरीचशी माणसं उलट्या क्रमाने निघतात. आधी औषधाचं दुकान, मग पैशांची जुळवाजुळव, घरी पोचल्यावर फ्रीजची शोधाशोध, आणि ओकाऱ्या सुरू झाल्या की शेवटी डॉक्टर. औषध दुकानाच्या काउंटरवर मी हे नेहमी पाहतो. "भाऊ, ते पोटात टोचाचं इंजेक्शन भेटते का?" असं विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा चिठ्ठी नसते, मोबाइलवर कुणाच्या तरी पेनचा (पेनासारख्या दिसणाऱ्या, औषध भरलेल्या इंजेक्शनचा) फोटो असतो.

हा लेख सेमाग्लुटाइड (वेगोव्ही, ओझेम्पिक) आणि टिर्झेपाटाइड (मौंजारो) या आठवड्यातून एकदा घ्यायच्या औषधांबद्दल आहे. पहिलं इंजेक्शन टोचण्याआधी चौथ्या महिन्याची सोय लागलेली असली पाहिजे. ती कशी लावायची, ते खाली क्रमाने दिलं आहे. क्रम मोडू नका.

## १. हे औषध आपल्यासाठी आहे का, ते गावातच पाहा

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. वजन ८४ किलो आणि उंची १.५८ मीटर असेल तर १.५८ गुणिले १.५८ म्हणजे साधारण २.५०, आणि ८४ भागिले २.५० म्हणजे ३३.६. हा झाला बीएमआय. या औषधांसाठी सर्वसाधारण अट अशी: बीएमआय ३० किंवा जास्त, किंवा २७ किंवा जास्त आणि सोबत वजनाशी जोडलेला एखादा आजार, म्हणजे बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल किंवा झोपेत श्वास अडकणं. आपल्याकडच्या माणसांत चरबी पोटावर साठते म्हणून २५ पासूनच लठ्ठपणा धरतात, हे खरं. पण लठ्ठपणाची व्याख्या वेगळी आणि या औषधाची अट वेगळी. अटीत बसत नसाल तर काय करायचं, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

पोटाचा घेरही मोजा. पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि बायकांत ८० सेंटीमीटरच्या वर गेला की धोका वाढतो. टेप बेंबीच्या जरा वर, श्वास सोडून लावायचा. पोट आत ओढून घेतलेलं माप उपयोगाचं नाही.

दोन महिन्यांवर लग्न आहे आणि सहा किलो उतरवायचे आहेत, एवढंच कारण असेल तर इथेच थांबा.

सावधान. पुढच्यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांच्या खोलीत शिरल्यावर ते सगळ्यात आधी सांगायचं:

- स्वतःला किंवा घरातल्या रक्ताच्या माणसाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर, किंवा एमईएन-२ नावाचा आनुवंशिक आजार. अशांना ही औषधं देत नाहीत. साध्या थायरॉइडची गोळी चालू असणं ही वेगळी गोष्ट, त्याने घाबरू नका.
- स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेली असणं, पित्ताशयात खडे, पोट संथ रिकामं होण्याचा त्रास.
- शुगरमुळे डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम.
- गर्भारपण, अंगावर पाजणं, किंवा येत्या काळात मूल हवं असणं. सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. टिर्झेपाटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होऊ शकतो, म्हणून सुरुवातीचे चार आठवडे आणि डोस वाढवल्यावर पुन्हा चार आठवडे दुसरं साधन वापरावं लागतं. ही गोष्ट नवरा-बायको दोघांनी मिळून ऐकायची आहे.
- इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी. दोन्ही एकत्र झाली की शुगर एकदम खाली जाऊ शकते, त्यामुळे जुन्या औषधाचा डोस आधी कमी करावा लागू शकतो.

## २. तपासण्या आणि कागद गावाकडूनच घेऊन या

नागपूरला येऊन पहिल्या भेटीत फक्त तपासण्या लिहून घ्यायच्या आणि रिपोर्ट दाखवायला पुन्हा यायचं, म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं वाया. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तिथल्या डॉक्टरांना कारण सांगा आणि जेवढ्या तपासण्या तिथे होतात तेवढ्या करून घ्या. साधारण लागतात त्या अशा: उपाशीपोटीची शुगर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या शुगरची सरासरी), कोलेस्टेरॉलचा लिपिड प्रोफाइल, लिव्हर, क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी). पित्ताशयाचा संशय असेल तर पोटाची सोनोग्राफी.

विदर्भातल्या माणसाने इथे एक गोष्ट विसरायची नाही, आणि नेमकी तीच विसरली जाते. सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर एचबीए१सीचा आकडा फसवा येतो. तो तांबड्या पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असतो, आणि सिकलसेलमध्ये त्या पेशी लवकर मरतात. शुगर जास्त असूनही रिपोर्ट बरा दिसू शकतो. शिवाय सिकलसेलच्या रुग्णांत पित्ताचे खडे जास्त आढळतात आणि झपाट्याने वजन उतरल्यानेही खडे होतात, म्हणजे दोन्हीकडून धोका. सिकलसेलचं कार्ड असेल तर ते फाइलच्या पहिल्या पानावर लावा. फक्त वाहक असाल तरी सांगा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडच्या घरात कुणाला सिकलसेल असेल आणि तुमची तपासणी झालेली नसेल, तर ती आधी करा.

फाइलमध्ये आणखी हवं ते: चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं (नावं पाठ असली तरी पाकिटंच आणा), जुन्या ऑपरेशनचे कागद, आणि वर्षभरात वजन कसं बदललं ते चार ओळींत लिहिलेला कागद. आयुर्वेदिक चूर्ण, काढा, जिमवाल्याने दिलेली पावडर, सगळं त्यात लिहा. सिब्युट्रामिन हे वजनाचं औषध हृदयाच्या धोक्यामुळे भारतात २०११ मध्ये बंद झालं, पण वजन घटवणाऱ्या "हर्बल" मालात ते चोरून मिसळलेलं जगभर अनेकदा सापडलं आहे.

## ३. योग्य डॉक्टर गाठा

एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) किंवा एमडी मेडिसिन. शहरातले असोत की तालुक्याचे, चिठ्ठी याच दोघांपैकी एकाकडून घ्या. तालुक्याला एमडी मेडिसिन असतील आणि त्यांना या औषधांचा अनुभव असेल तर नागपूरला यायचीही गरज नाही. सरकारीत जायचं असेल तर मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) आणि त्याचं सुपर स्पेशालिटी, स्टेशनजवळचं मेयो, आणि मिहानमधलं एम्स. एम्सची ओपीडी नोंदणी आधी ऑनलाइन होते, ती करूनच निघा. सगळीकडे एक मात्र आधी विचारा: वजनाच्या किंवा हार्मोनच्या डॉक्टरांची ओपीडी कोणत्या वारी असते? रोज नसेल तर चुकीच्या वारी आलात की आलात तसे परत. खासगीत धंतोली आणि रामदासपेठेत डॉक्टरांची कमी नाही.

खासगीत नंबर लावताना फोनवर तीन प्रश्न विचारा. डॉक्टर ही औषधं नेहमी देतात का? पुढच्या भेटी व्हिडिओवर होतात का? रात्री-बेरात्री त्रास झाला तर कुणाला फोन करायचा? तिसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरे डॉक्टर पाहा. तुम्ही शंभर किलोमीटर लांब राहणार आहात, आणि त्रास झालाच तर बहुतेकदा पहिल्या दोन-तीन महिन्यांत होतो.

पहिली भेट प्रत्यक्षच घ्या. वजन, बीपी, पोट, मान हात लावून तपासलं जायला हवं. एकदा प्रत्यक्ष तपासणी झाली की तेच औषध पुढे चालू ठेवण्याची चिठ्ठी डॉक्टर व्हिडिओ कॉलवर देऊ शकतात. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत ती सोय आहे. सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे, मधल्या काळातल्या शंका विचारायला ती कामी येते.

निघण्याआधी चिठ्ठी तपासा. डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक, सही, तारीख. तुमचं नाव आणि पत्ता. औषधाचं नाव, डोस मिलिग्रॅममध्ये, किती पेन किंवा वायल (औषधाची छोटी काचेची बाटली). "सेमा पेन, आठवड्यातून एक" एवढंच लिहिलेलं असेल तर तिथेच परत द्या आणि मिलिग्रॅम लिहून घ्या. बस सुटल्यावर काही करता येत नाही.

## ४. औषध घेण्याआधी सहा महिन्यांचा हिशेब मांडा

मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा २.५ मिलिग्रॅमची एक वायल ३,५०० रुपयांना आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपयांना होती. आठवड्याला एक धरली तर महिन्याला १४,००० आणि पुढच्या डोसला १७,५००. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत भारतात मार्च २०२६ ला संपली, त्यानंतर भारतीय कंपन्यांना आपलं सेमाग्लुटाइड आणायला वाट मोकळी झाली. म्हणून शेजाऱ्याने गेल्या वर्षी सांगितलेल्या भावावर विसंबू नका. दोन-तीन दुकानांत आजचा भाव विचारा, आणि पहिल्या डोसबरोबर वरच्या डोसचाही विचारा. माणसं पहिल्या महिन्याच्या किमतीवर "परवडते" म्हणतात आणि तिसऱ्या महिन्यात थांबतात. सुरुवातीचा डोस फक्त शरीराला सवय व्हावी म्हणून असतो. तिथेच थांबलं तर पैसाही गेला आणि वजनही हललं नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजना दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, दर आठवड्याचं हे इंजेक्शन तिच्यातून मिळेल या भरवशावर राहू नका. खासगी विमाही बहुतेक वेळा याचा खर्च देत नाही. कर्ज काढून किंवा सोनं गहाण ठेवून हे औषध सुरू करू नका, असं मी काउंटरवरून स्पष्ट सांगतो. सहा महिने झेपत नसेल तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. स्वस्त पर्याय आहेत, उदाहरणार्थ ऑरलिस्टॅटची कॅप्सूल. तिचा परिणाम कमी आणि तेलकट जुलाबाचा त्रास, पण ज्याच्या त्याच्या परिस्थितीत कोणतं बसतं ते डॉक्टर पाहतील.

## ५. फ्रीजची परीक्षा आधी घ्या

न उघडलेलं पेन किंवा वायल २ ते ८ अंशांत ठेवायचं. एकदा गोठलं की ते फेकायचं, वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी. आणि घरोघरी नेमकं गोठण्यानेच वाया जातं. एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याखाली जो ट्रे असतो तिथे सगळ्यात थंड, म्हणून लोक मोठ्या काळजीने तिथेच ठेवतात.

एक दिवस आधी असं करा: फ्रीजच्या मधल्या खणात पाण्याचा ग्लास ठेवा, त्यात साधा थर्मामीटर (तापाचा नव्हे) रात्रभर बुडवून ठेवा आणि सकाळी दार उघडताच आकडा पाहा. दोनच्या खाली असेल तर नॉब कमी करा, आठच्या वर असेल तर वाढवा, आणि पुन्हा एक रात्र पाहा. औषधाची जागा मधल्या खणात, मागच्या भिंतीपासून चार बोटं पुढे, झाकणाच्या डब्यात. दारात नको, ते सारखं उघडतं.

वीज किती वेळ जाते ते लिहून ठेवा. दोन-तीन तास गेली तर दार उघडू नका, आतलं गार राहतं. उन्हाळ्यात दिवसदिवस जात असेल तर एका वेळी एकाच महिन्याचं औषध आणा. घरी फ्रीज नसेल तर शेजारी, नातेवाईक किंवा गावातल्या मेडिकलवाल्याशी आधी बोलून ठेवा.

## ६. खरेदी

चिठ्ठी दाखवून, पक्कं बिल घेऊन, परवाना भिंतीवर लावलेल्या दुकानातूनच. बिलावर बॅच नंबर आणि एक्सपायरी हवी, ती खोक्यावरच्या आकड्याशी जुळवा. दुकानदाराने औषध फ्रीजमधून काढून दिलं का, ते डोळ्यांनी पाहा. काउंटरवर आधीच काढून ठेवलेलं पेन नाकारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि चांगला दुकानदार त्याचा राग मानत नाही. इन्स्टाग्रामवर, जिममध्ये, ब्युटी पार्लरमध्ये किंवा "दुबईहून आणलं" म्हणून मिळणारं घेऊ नका. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट ओझेम्पिकबद्दल जगभर इशारा दिला होता. संशय आला तर महाराष्ट्र एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) टोल-फ्री क्रमांक १८००२२२३६५.

सर्वात मोठी चूक इथे होते: पेन नसून वायल असेल तेव्हा. वायलमधलं औषध सिरिंजने ओढावं लागतं. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन सिरिंज मिळतात, लाल टोपणाची ४० युनिटची आणि नारिंगी टोपणाची १०० युनिटची. एका मिलिलिटरमध्ये पहिलीवर ४० खुणा असतात, दुसरीवर १००. म्हणजे "२० युनिट" लाल टोपणाच्या सिरिंजवर अर्धा मिलिलिटर होतो आणि नारिंगीवर मिलिलिटरचा पाचवा भाग. कुणी फोनवर नुसते "वीस युनिट ओढ" सांगितले तर अडीचपट डोस जाऊ शकतो. अमेरिकेत २०२४ मध्ये सेमाग्लुटाइड वायलमधून पाच ते वीस पट डोस घेतल्याच्या घटनांवर तिथल्या एफडीएला सूचना काढावी लागली. मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि युनिट ही तीन वेगळी मापं आहेत. चिठ्ठीवर तिन्ही लिहून घ्या, सिरिंजच्या टोपणाचा रंगसुद्धा, आणि पहिला डोस नर्ससमोर ओढून दाखवा. शक्य असेल तर सरळ पेनच घ्या.

## ७. नागपूर ते गाव

औषध शेवटी घ्या, डॉक्टर, बँक, बाजार सगळं उरकून, बस लागायच्या आधी. इन्सुलिनसाठी मिळतो तसला थंड पाऊच घ्या. जेल पॅक फ्रीजरमधून थेट काढून पेनला चिकटवू नका, मध्ये रुमालाची घडी हवी. मे महिन्यात, खास करून नवतप्यात (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस), नागपुरात पारा ४५ च्या वर जातो. बंद गाडीचा डॅशबोर्ड, मोटारसायकलची डिकी आणि एसटीच्या टपावरची बॅग, तिन्ही वर्ज्य. पाऊच मांडीवर, सावलीच्या बाजूला बसून. उन्हाळ्यात पहाटेची किंवा संध्याकाळची गाडी धरा.

खोक्यातल्या कागदावर फ्रीजबाहेर किती दिवस चालतं ते दिलेलं असतं. मौंजारोची वायल ३० अंशांच्या आत २१ दिवस चालते. ही सवलत ३० अंशांपर्यंतची आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरातसुद्धा ३० अंश राहत नाहीत. म्हणून उन्हाळ्यात ती धरूच नका.

## ८. पहिला डोस

वार ठरवा आणि कॅलेंडरवर गोल करा. दुसऱ्या दिवशी घरी राहता येईल असा वार निवडा. पेरणी किंवा संत्रा तोडणीच्या ऐन धांदलीत सुरू करू नका. टोचायची जागा पोट (बेंबीपासून दोन इंच सोडून) किंवा मांडी, दर वेळी थोडी बदलून. सुई दर वेळी नवी, आणि पेन घरातल्या दोघांत कधीच वाटून घ्यायचं नाही, सुई बदलली तरी.

वजनासाठीच्या सेमाग्लुटाइडची (वेगोव्ही) पायरी साधारण अशी: ०.२५ मिलिग्रॅम चार आठवडे, मग ०.५, १ आणि १.७ प्रत्येकी चार आठवडे, आणि त्यानंतर २.४. टिर्झेपाटाइड २.५ चार आठवडे, मग ५, आणि पुढे गरज पडली तरच २.५ ने वाढ, कमाल १५. मळमळ असेल तर डॉक्टर खालच्या पायरीवर जास्त दिवस ठेवतात, त्यात काही चुकलेलं नसतं. वजन उतरत नाही म्हणून स्वतःच पायरी ओलांडणारा माणूस मात्र हमखास सलाइनवर जातो.

खाणं निम्म्यावर आणा, पण डाळ, अंडी, हरभरा, दही, मासळी आधी खा आणि भात-पोळी मागून. नाहीतर चरबीबरोबर अंगातलं मांसही जातं. सावजी रस्सा आणि तर्री-पोहे पहिले दोन महिने बाजूला ठेवा. तेल-तिखटाने मळमळ वाढते. नवरात्राचे उपवास करणार असाल आणि शुगरची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

लगेच डॉक्टर गाठा: पोटात न थांबणारी जोरदार कळ, विशेषतः पाठीत जाणारी, दिवसभर पाणीही न टिकणं, लघवी कमी आणि गडद होणं, डोळे पिवळे, नजरेत अचानक फरक, घाम सुटून थरथर. कळ असेल तर पुढचा डोस घ्यायचा नाही. उन्हाळ्यात ओकारी-जुलाब आणि ऊन एकत्र झालं तर किडनीवर येतं, म्हणून वाट पाहू नका, जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा आणि कोणतं इंजेक्शन चालू आहे ते खोका दाखवून सांगा. गावातल्या डॉक्टरांना या औषधाचं नाव नवं असू शकतं, खोका बरोबर असला की त्यांचं काम सोपं होतं.

## ९. पुढचे महिने

डोस चुकला तर सेमाग्लुटाइड पाच दिवसांच्या आत आठवलं तर घ्या, टिर्झेपाटाइड चार दिवसांच्या आत. त्यानंतर आठवलं तर तो डोस सोडा आणि ठरल्या वारी पुढचा घ्या. दोन एकदम कधीच नाही. सलग दोन-तीन आठवडे चुकले तर थेट जुन्या डोसवर परतू नका, डॉक्टर पुन्हा खालून सुरू करायला सांगू शकतात.

आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी उपाशीपोटी वजन. महिन्याला घेर. वजनाची वही व्हिडिओ भेटीच्या वेळी समोर ठेवा. पुढच्या महिन्याचं औषध शेवटचा डोस घेतल्यावर नव्हे, शेवटचे दोन डोस शिल्लक असताना मागवा, कारण तालुक्याच्या दुकानाला ते नागपूरच्या दवा बाजारातून मागवावं लागतं आणि सणासुदीत दिवस जातात. कुठलंही ऑपरेशन ठरलं, अगदी मोतीबिंदू किंवा दाताचंही, तर भुलीच्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू असल्याचं आधी सांगा. पोट उशिरा रिकामं होत असल्याने भूल देताना धोका असतो.

बंद करायचा विचार असेल तर तोही डॉक्टरांशी बोलून. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला. म्हणून थांबण्याआधीच्या तीन महिन्यांत चालणं, ताकदीचा व्यायाम आणि जेवणाची वेळ पक्की झालेली असावी.

दुष्परिणाम झाला तर तो १८००१८०३०२४ या राष्ट्रीय क्रमांकावर कळवता येतो, रुग्णसुद्धा कळवू शकतो. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, झाकण घट्ट लावा आणि भरली की आरोग्य केंद्रात द्या. उकिरड्यावर टाकल्या तर झाडणाऱ्या बाईच्या हातात घुसतात.